लांबच्या पडद्यावरून हिशेबाचे दफ्तर



टनेजची चौकशी करायला गट ऑफिसात आलेल्या एका सभासदाने काउंटरवरच्या पडद्याकडे बोट दाखवून विचारले, "साहेब, आमचा समदा हिशेब ह्या डब्यात हाय व्हय? मग उद्या ह्यो डबाच कुणी उचलून नेला तर आमचं बिल बुडालं म्हणायचं का?" शेजारी उभे असलेले दोघे-तिघे हसले. खरे म्हणजे हसण्यासारखे त्यात काही नव्हते. हिशेब त्या डब्यात नसतो, तो मुख्य कचेरीतल्या यंत्रात असतो. काउंटरवरचा डबा ही नुसती खिडकी. खिडकी मोडली म्हणून घरातले धान्य जात नाही.

परंतु त्या सभासदाने पुढचा प्रश्न विचारला नाही, तो आपण विचारू. घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर जर खिडकी उघडता येते, तर ती कोण उघडतो? आणि बाहेर उभे राहून नुसते बघतो, की आत हात घालून काही हलवतोही? ऊस काट्यावर आला, वजन झाले, पावती हातात पडली की पुढचा सगळा व्यवहार आकड्यांत चालतो. ऊस गव्हाणीत पडल्यावर तो परत मोजता येत नाही. राहतो तो आकडा. त्या आकड्यापर्यंत लांबून पोचण्याची वाट कशी बांधतात आणि तिला कुलूप कुठे लावतात, हे सभासदाने समजून घ्यायला हवे. यंत्रशास्त्र येत नसले तरी चालेल. पाट कुठून निघतो आणि दार कोण धरतो एवढे कळले तरी पुरे.

यंत्र कोणते

उदाहरणासाठी आपण आयबीएम कंपनीचे एएस/४०० हे यंत्र घेऊ. आपल्या कारखान्यात कोणते यंत्र आहे हा आजचा विषय नाही. हे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की, मध्यम आकाराच्या धंद्यासाठी एक मोठे यंत्र आणि त्याला जोडलेले पुष्कळ पडदे ही रीत या घराण्यात फार नेटकी दिसते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तेथे आयबीएमचा कारखाना १९५६ साली सुरू झाला. मोठमोठ्या बँकांची आणि सरकारी खात्यांची अवजड यंत्रे कंपनी दुसरीकडे करी. रॉचेस्टरने आपले लक्ष ठेवले ते गिरण्या, घाऊक व्यापारी, छोटे कारखाने यांच्यावर. ज्यांच्याकडे हिशेब पुष्कळ, पण संगणकतज्ज्ञांची फौज पदरी ठेवण्याची ऐपत नाही, अशांसाठी ही यंत्रे. १९६९ साली सिस्टिम/३, १९७७ साली सिस्टिम/३४, १९७८ साली सिस्टिम/३८, १९८३ साली सिस्टिम/३६ अशी यंत्रे आली आणि शेवटच्या दोहोंची घराणी एकत्र करून २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर झाले.

त्या दिवशी आयबीएम आपल्या देशात नव्हती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपन्यांनी आपली मालकी चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावी असा सरकारचा आग्रह होता. कंपनीला ते मान्य झाले नाही व १९७८ साली तिने येथला गाशा गुंडाळला. टाटांच्या भागीदारीत ती १९९२ साली परत आली. एएस/४०० चे नाव पुढे तीन-चार वेळा बदलले. २००० साली आयसिरीज, २००६ साली सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर जातीच्या यंत्रावर चालणारी आयबीएम आय ही प्रणाली. बैल बदलले, पण जू तेच राहिले. जुन्या काळी लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम त्यावर आजही चालतात.

पडदा काय करतो

या घराण्याच्या पडद्याला ५२५० जातीचा पडदा म्हणतात. काळ्या काचेवर हिरवी अक्षरे. चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे, म्हणजे एकूण १९२० अक्षरांची जागा. या पडद्याला स्वतःचे डोके जवळजवळ नसते. मात्र त्याच्यात एक फार उपयोगी गुण आहे, आणि लांबवर जोडणी करण्याचे सगळे गणित त्या गुणावर उभे आहे.

दुसऱ्या कित्येक जातींच्या पडद्यांवर तुम्ही एक कळ दाबली की ते एक अक्षर तारेवरून मुख्य यंत्राकडे जाते, यंत्र ते परत पाठवते, आणि मग ते पडद्यावर दिसते. तार लांब आणि मंद असली तर एकेका अक्षराची वाट पाहत बसावे लागते. ५२५० चे तसे नाही. मुख्य यंत्र एक कोरा छापील फॉर्म पाठवते: येथे सभासद क्रमांक, येथे गट नंबर, येथे वजन. कारकून तो फॉर्म आपल्या जागी बसून भरतो, चुकले तर खोडतो, मागे जातो, पुढे येतो. हे चालू असताना मुख्य यंत्राला त्याची गंधवार्ताही नसते. सगळे भरून झाले आणि एंटर दाबले की भरलेला मजकूर एकदम जातो. चिटबॉय फडात पावती लिहितो तेव्हा प्रत्येक शब्द विचारायला शेतकी ऑफिसात धावत नाही, पावती पुरी लिहूनच पाठवतो. तसाच हा प्रकार.

म्हणूनच सेकंदाला ९६०० बिट एवढ्या आजच्या मानाने मुंगीच्या चालीच्या तारेवरही काम निभावत असे. एका अक्षराला आठ बिट धरले तर १९२० अक्षरांचा अख्खा पडदा पोचायला १.६ सेकंद लागतात. वाहतुकीचा थोडा वरखर्च धरा, तरी कारकुनाला चहाचा घोट घेण्याइतकीही सवड मिळत नसे.

एकाच इमारतीत हे पडदे ट्विनॅक्स नावाच्या दुहेरी तारेच्या केबलने जोडत. एका केबलवर ० ते ६ असे सात पत्ते, म्हणजे सात पडदे किंवा छापयंत्रे, आणि केबलची लांबी जास्तीत जास्त ५००० फूट. त्यापलीकडे जायचे तर लांबच्या ठिकाणी ५२९४ किंवा ५३९४ क्रमांकाचा एक नियंत्रक डबा बसवायचा, दोन्ही टोकांना मोडेम ठेवायचे आणि मधली तार टेलिफोन खात्याकडून कायम भाड्याने घ्यायची. मुख्य यंत्र पाळीपाळीने प्रत्येक ठिकाणाला विचारत जाई, "तुझे काही आहे का? तुझे?" पाटकऱ्याने ठरवून दिलेल्या पाळीशिवाय कोणी दार फोडायचे नाही, हाच तेथला कायदा. या व्यवस्थेत खर्च फार होता. पण एक सुख होते. तार कुठून निघाली आणि कुठे गेली हे हाताने दाखवता येत असे. तिसऱ्या माणसाला मध्ये घुसायला वाटच नव्हती.

नवी वाट

ही स्थिती बदलली ती टेलनेटमुळे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रात शिरण्याची ही सर्वसाधारण रीत १९८३ साली ठरली. तिच्यावरून ५२५० चे फॉर्म कसे न्यायचे याचे नियम फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. मग नियंत्रक डबाही नको आणि खास पडदाही नको. साध्या संगणकावर ५२५० ची नक्कल करणारा कार्यक्रम टाकला आणि जाळ्याला जोडला की झाले. जुलै २००० मध्ये या नियमांत सुधारणा झाली आणि लांबच्या पडद्याला आपले नाव सांगून आत येण्याची सोय मिळाली. हे नाव फार महत्त्वाचे, त्याकडे पुढे येऊ.

प्रत्यक्ष जोडणी अशी करतात. मुख्य यंत्राला जाळ्यावरचा पत्ता देतात. मग त्यावरचा टेलनेट विभाग चालू करतात. एवढे झाले की नवशिका माणूस लांबच्या ठिकाणी जाऊन बसतो, जोडणी मागतो, आणि दार काही उघडत नाही. मग तो तार तपासतो, मोडेम तपासतो, टेलिफोनवाल्यांना दोष देतो. दोष बहुधा तेथे नसतो. लांबून येणाऱ्या प्रत्येकासाठी यंत्राला आपल्या पोटात एक खोटा-खोटा पडदा तयार करावा लागतो. असे किती पडदे आपणहून तयार करू द्यायचे याचा आकडा क्यूऑटोव्हीआरटी या नावाच्या कप्प्यात असतो. यंत्र कारखान्यातून येते तेव्हा तो आकडा शून्य असतो. म्हणजे परवानगीच नाही! कंपनीने हे मुद्दाम केले आहे आणि योग्यच केले आहे. लांबून येणारी वाट मालकाने जाणूनबुजून उघडायची असते, ती आपोआप उघडी असता कामा नये.

लांबच्या टोकाला पाच गोष्टी भराव्या लागतात: मुख्य यंत्राचा पत्ता, दाराचा क्रमांक, पडद्याचा आकार, अक्षरांचे पान आणि पडद्याचे नाव. यांतली चौथी गोष्ट पुष्कळ लोक वाचतही नाहीत आणि मग फसतात. ही यंत्रे अक्षरे साठवताना एब्सिडिक नावाची स्वतःची लिपीसंख्या वापरतात. आपल्या टेबलावरच्या संगणकात इंग्रजी मोठ्या ए चा क्रमांक ६५, तर तेथे १९३. मधला कार्यक्रम भाषांतर करतो. पण एब्सिडिकचीही देशोदेशीची निरनिराळी पाने आहेत. अमेरिकन पानावर ज्या जागी डॉलरची खूण असते, त्याच जागी ब्रिटिश पानावर पौंडाची असते. आता समजा एखाद्याने आपल्या परवलीच्या शब्दात डॉलरची खूण घातली आहे. मुख्य कचेरीत तो बिनचूक आत जातो. गट ऑफिसात पान दुसरे लावलेले असल्याने तोच शब्द तीनदा चुकीचा ठरतो आणि खाते बंद पडते. मग कारकून म्हणतो यंत्र बिघडले, यंत्रवाला म्हणतो कारकुनाला शब्द आठवत नाही, आणि काउंटरवर सभासद उभाच.

कुलूप

टेलनेटचे नेहमीचे दार २३ क्रमांकाचे. या दारातून जे जाते ते उघड्या पोस्टकार्डासारखे जाते. फॉर्ममधला आकडा, कारकुनाचे नाव, त्याचा परवलीचा शब्द, सगळे काही. एब्सिडिकमध्ये आहे म्हणून कोणाला कळणार नाही असे काही जण समजतात. तो भ्रम आहे. मोडी लिपीत लिहिले म्हणून पत्र गुप्त होत नाही, मोडी वाचणारे गावात असतातच. भाड्याच्या स्वतंत्र तारेवर हे एक वेळ चालले. सार्वजनिक जाळ्यावर चालणार नाही. त्यासाठी ९९२ क्रमांकाचे दुसरे दार आहे. त्यातून जाणारा मजकूर मोहोरबंद होऊन जातो आणि पलीकडचे यंत्र खरोखर आपलेच आहे याचा दाखलाही आधी तपासला जातो. हे दार चालू करायचे तर मुख्य यंत्रावर अंकीय दाखला बसवून तो टेलनेट विभागाला जोडून द्यावा लागतो. हे काम एका दुपारचे आहे. तेवढ्यासाठी आळस करून २३ क्रमांकाचे दार जगाला उघडे टाकणारी कचेरी लेखकाच्या मते दप्तरदाराच्या खुर्चीला लायक नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकीचे प्रयत्न. परवलीचा शब्द तीनदा चुकला की अडवायचे असा नियम यंत्रात घालता येतो. अडवायचे म्हणजे काय करायचे, हे मात्र वेगळे सांगावे लागते. फक्त तो पडदा बंद करायचा, की त्या माणसाचे खाते बंद करायचे, की दोन्ही? जुन्या काळी पडदा बंद करणे पुरेसे होते, कारण पडदा म्हणजे टेबलावरची जड वस्तू. लांबून येणाऱ्याचे तसे नाही. त्याचा एक खोटा पडदा बंद झाला की तो पुन्हा दार ठोठावतो आणि यंत्र त्याला मुकाट्याने दुसरा पडदा करून देते. अशा ५० पडद्यांची परवानगी असेल तर तीन-तीन करत त्याला १५० वेळा शब्द अजमावता येतो. म्हणून लांबची वाट उघडली की खातेच बंद होईल असा नियम हवा. यालाही एक वाईट बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. एखादा खोडसाळ माणूस मुद्दाम तीनदा चुकीचा शब्द घालून बिलाच्या दिवशी कारकुनाचे खाते बंद पाडू शकतो. तरीही ती अडचण पत्करावी. बंद पडलेले खाते पाच मिनिटांत उघडता येते. शिरलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर निघत नाही.

यंत्राचा सर्वाधिकारी म्हणून एक खाते असते. यंत्र नवे येते तेव्हा त्या खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द एकच असतो, आणि हे जगभर सर्वांना ठाऊक आहे. तो शब्द पहिल्याच दिवशी बदलायचा. शिवाय सर्वाधिकाऱ्याला नेमून दिलेल्या पडद्यांखेरीज कोठूनही प्रवेश नाही, असाही नियम यंत्रात आहे. तो लावावा. लांबच्या पडद्यावरून सर्वाधिकाऱ्याने येण्याचे काही कारण नाही.

राहिला सामान्य कारकून. त्याला आत आल्यावर फक्त एक यादी दाखवतात: टनेज पाहणे, ऊस नोंद पाहणे, पावतीची नक्कल काढणे. यादीबाहेरचा हुकूम त्याला लिहिता येत नाही. येथेच बरेच लोक समाधान मानतात. पण यादी म्हणजे ओसरीवरचा पडदा आहे, भिंत नव्हे. हिशेबाच्या दप्तराकडे जाणाऱ्या आणखीही वाटा असतात. आपल्या संगणकावर अख्खे दप्तर उतरवून घेण्याची सोय असते, तक्ते करणाऱ्या कार्यक्रमाला थेट जोडण्याची सोय असते. त्या वाटांना यादी आडवी येत नाही. म्हणून दप्तरावरच लिहून ठेवावे लागते की, या खात्याला हे नुसते वाचता येईल, बदलता येणार नाही. कोठाराला कुलूप असेल तर माणूस पुढल्या दाराने आला काय आणि परसातून आला काय, सारखेच.

तार तुटते तेव्हा

प्रस्तुत लेखक १९९६ साली एका खाजगी कंपनीच्या संगणक खात्यात नोकरीस होता. कंपनीचे एक गोदाम दूर होते आणि तेथे भाड्याच्या तारेवर चार पडदे चालत. पावसाळ्यात तार हमखास जाई. एके दिवशी तेथल्या कारकुनाने माल रवाना केल्याची नोंद भरली, एंटर दाबले, आणि पडदा थिजला. अर्ध्या तासाने तार आली. त्याचा पडदा काही जागा होईना, म्हणून तो शेजारच्या पडद्यावर बसला आणि तीच नोंद पुन्हा भरली. पहिली नोंद खरे तर आत पोचली होती, फक्त "पोचली" हा निरोप परत यायचा राहिला होता. एकच माल कागदावर दोनदा गेला. हे महिनाअखेरीला कळले, तोवर गोदामवाल्यावर संशय घेऊन झाला होता. तो गृहस्थ प्रामाणिक होता. त्याला कोणी फारसे काही बोलले नाही, पण त्याने पुढे कधी कोणाच्या ताटात हात घालून खाल्ले नाही.

यात दोन चुका होत्या. नोंद घेणाऱ्या कार्यक्रमाने तोच चलन क्रमांक दुसऱ्यांदा घ्यायलाच नको होता. उसाच्या बाबतीत काटा पावतीचा क्रमांक असा एकमेव ठेवला पाहिजे. ही चूक कार्यक्रम लिहिणाऱ्याची. दुसरी चूक बसण्याच्या जागेची. तार तुटली की यंत्र त्या माणसाचे अर्धवट काम ताबडतोब फेकून देत नाही. तसे सांगून ठेवले असेल तर ते बाजूला ठेवते आणि तोच माणूस, त्याच नावाच्या पडद्यावरून परत आला की काम जेथे थांबले तेथून पुढे देते. माणूस तोच, पण पडदा दुसरा, असे झाले तर देत नाही.

म्हणून पडद्याला नाव द्यायचे. नाव दिले नाही तर यंत्र आपले क्यूपीएडीईव्ही आणि पुढे आकडा असे काहीतरी नाव लावते. आज जो पडदा एका गावाला मिळाला तो उद्या दुसऱ्या गावाला मिळेल. दहा अक्षरांपर्यंत नाव देता येते. गटाचे नाव आणि टेबलाचा क्रमांक त्यात सहज बसतो. आणि याचा उपयोग तार तुटण्यापुरताच नाही. हिशेबाच्या दप्तरावर नोंदवही लावली तर प्रत्येक बदलाच्या वेळी आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख, वेळ, खाते आणि पडदा हे सारे तीत उतरते. वजन बदलले अशी तक्रार आली, तर कोणत्या गावच्या कोणत्या टेबलावरून बदलले याचे उत्तर देता आले पाहिजे. पडद्याला नाव नसेल तर नोंदवहीकडे पाहून एवढेच कळते की, कोणीतरी कुठूनतरी बदलले.

एका कळीची गोष्ट

सगळ्या कुलपांनंतरही एक चूक राहते. ती चोराची नसते, आपल्याच माणसाची असते. खऱ्या ५२५० कळफलकावर फील्ड एक्झिट नावाची एक कळ असते. साध्या संगणकावर तिचे काम बहुधा उजवीकडच्या अंकपट्टीतली एंटरची कळ करते, आणि खरे एंटर उजव्या कंट्रोलवर असते. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

आता पाहा. पडद्यावर वजनाच्या रकान्यात १२४५० हा जुना आकडा आहे. तो चुकीचा, खरा आकडा ९८५ आहे. कारकून रकान्याच्या सुरुवातीला येऊन ९८५ लिहितो. फील्ड एक्झिट दाबली तर पुढचे जुने आकडे पुसले जातात आणि ९८५ राहतात. पण सवयीप्रमाणे टॅब दाबून तो पुढच्या रकान्यात गेला, तर जुन्या आकड्याची शेपटी तशीच राहते. आधीचे तीन अंक बदलले, शेवटचे ५० राहिले. ९८५ किलोचे झाले ९८५५०! यंत्राच्या दृष्टीने हा पाच अंकी बरोबर आकडा आहे, ते कुरकुर करत नाही. मुख्य कचेरीत शेजारी जाणता माणूस असतो, तो ओरडतो. लांबच्या पडद्यावर कारकून एकटा.

वजन मोठे झाले तर सभासद ओरडत नाही आणि कमी झाले तर बिल हातात आल्यावर ओरडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. म्हणजे चूक सापडायला फार दिवस नाहीत, आणि वाटलेले पैसे परत मागणे किती गोड असते ते संचालक मंडळाला विचारा. म्हणून वजनाचा रकाना लांबच्या पडद्यावर दुरुस्तीसाठी उघडूच नये, हे लेखकाचे स्पष्ट मत आहे. गट ऑफिसाने पाहावे, नक्कल काढावी, तक्रार नोंदवावी. दुरुस्ती काट्याच्या कागदाशी ताडून मुख्य कचेरीतच व्हावी. काही अधिकाऱ्यांना यात सभासदाचा हेलपाटा वाढेल असे वाटते. तक्रार तारेवरून जाते, सभासदाने जायची गरज नाही.

खिडकी किती लहान असली तरी चालते याचा दाखला आपल्या भागातच आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी वारणा परिसरात १९९८ साली संगणकाने गावे जोडण्याचा प्रकल्प निघाला. गावातल्या केंद्रावर ऊस नोंद आणि वजनाची माहिती मिळावी हा त्यातला एक हेतू. पुढे सात गावांत आठ महिने असे करून पाहिले की, केंद्रातला संगणक बाजूला ठेवायचा आणि तेच काम मोबाईलच्या लघुसंदेशावर करायचे. २००७ साली बंगळूरला वाचलेल्या निबंधात या प्रयोगाची हकीकत आहे. संगणकावर होणारे सगळे काम संदेशावर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. ज्याला एक आकडा विचारायचा आहे त्याला चोवीस ओळींचा पडदा लागत नाही.

शेवटी, गट ऑफिसात बसणाऱ्यांसाठी एक सूचना. आत आल्याबरोबर एक छोटा पडदा दाखवण्याची सोय यंत्रात आहे, ती चालू करून घ्यावी. या खात्याने यापूर्वी कोणत्या तारखेला, किती वाजता प्रवेश केला आणि त्यानंतर किती वेळा चुकीचा शब्द घातला गेला, हे त्यावर येते. बहुतेक जण तो न वाचताच एंटर दाबतात. रोज सकाळी तो वाचावा. काल संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावून घरी गेलो आणि पडद्यावर रात्री पावणेबाराचा प्रवेश दिसतो आहे, तर टनेज विचारायला आलेल्या सभासदाला दोन मिनिटे थांबायला सांगून आधी मुख्य कचेरीला फोन करावा.